एका गुंठ्याचं काय करायचं?

हौशी : घर टिटवाळ्याला घेतलं ते मागच्या मोकळ्या जागेसाठी, हे मी लपवत नाही. डोंबिवलीत होतो तेव्हा खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्या कोंबून बाग केली. पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकलं की भांडण ठरलेलं. आता घरामागे चांगला गुंठाभर तुकडा आहे आणि त्याचा नकाशा मी चौकटीच्या कागदावर काढून ठेवला आहे. मधोमध हिरवळ. तिच्या कडेने पेव्हर ब्लॉकची पायवाट. एका कोपऱ्यात हापूस, दुसऱ्यात फणस, कुंपणाला लागून चिकू आणि दोन नारळ. स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्ता, गवती चहा, ओली हळद. एक झोपाळा. आणि हे सगळं मी स्वतः करणार आहे. बागा करून देणाऱ्यांकडे एक ठरलेली यादी असते: फॉक्सटेल पाम, रंगीत क्रोटन, बुंध्याशी पांढरे गोटे. शहाडपासून खडवलीपर्यंत कुठल्याही गेटातून आत डोकवा, तीच बाग. मला माझी हवी आहे. शनिवार-रविवार हाताशी धरले तर मेअखेर काम उरकेल आणि पहिल्या पावसात रोपं जमिनीत जातील.

शंकेखोर : झोपाळ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही भाऊजी, तो लावाच. पण बाकीच्या नकाशात मला पाणी दिसलं नाही. नळाचं नव्हे, आभाळाचं. तुम्ही काढलाय तो नकाशा जानेवारीतल्या जमिनीचा आहे, कोरड्या आणि शहाण्या जमिनीचा. जुलैत तिथे वेगळीच जमीन असते. साधा हिशेब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्या ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. तुमचं छप्पर 600 चौरस फुटांचं धरलं तर ते साधारण 56 चौरस मीटर झालं. म्हणजे नुसत्या छपरावरून मोसमात 1,40,000 लिटर पाणी खाली येणार. दहा हजार लिटरचे चौदा टँकर. एखाद्या जोरदार दिवशी 100 मिलिमीटर पडला तर त्या एका दिवसात 5,600 लिटर. तुमची पन्हळ कुठे सुटते ते नकाशात बघा. नेमकी हिरवळीच्या डोक्यावर. आता सांगा, हे पाणी जातं कुठे? शेजाऱ्याच्या अंगणात, तुमच्या जोत्याखाली, की शोषखड्ड्यात?

हौशी : एवढं मला कळतं. जमिनीला उतार द्यायचा, घराकडून बाहेर, दहा फुटांना दोन इंच. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी मी आणली आहे. दोन खुंट्या ठोकून दोन्ही टोकांची पातळी बघायची, फरक मोजायचा, संपलं. उताराच्या शेवटी एक उथळ चर, चरातून पाणी रस्त्याकडेच्या गटारात. हे काम करायला इंजिनिअर लागत नाही. आणि माफ करा वहिनी, पण पावसाची भीती घालून लोकांना गप्प बसवायचं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. आपल्या आज्या पागोळीच्या रेषेतच अळू लावत होत्या. पाणी पडतं म्हणून तिथे काही लावू नये असं त्यांना वाटलं नाही. पाणी पडतं म्हणूनच तिथे अळू होतं.

शंकेखोर : आजीचं अळू मला मान्य आहे, तुमचं गटार मान्य नाही. ज्या दिवशी तुम्हाला गटाराची गरज असते त्या दिवशी ते आधीच तुडुंब असतं. मांडा-टिटवाळ्याचं पाणी शेवटी काळू नदीत जातं, काळू उल्हासला मिळते, आणि दोघी एकदम फुगल्या की सखल भागातलं पाणी पुढे सरकतच नाही. 26 जुलै 2005 कोणाला सांगायला नको. 2019 च्या जुलैत उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली होती, ते तर कालपरवाचं. अशा दिवशी तुमच्या गुंठ्याने स्वतःचं पाणी काही तास स्वतःजवळ ठेवायला हवं. ठेवेल का, ते नळीने कळत नाही. त्यासाठी फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती खाली गेलं ते पट्टीने मोजा. इंचभरही उतरलं नाही, तर वर काहीही लावा, खाली हौद आहे असं समजा. आणि खणताना माती निघते की आणखी काही, तेही बघा.

हौशी : खणलंय. माती अर्धा फूट. तिच्याखाली विटांचे तुकडे, टाइल्सचे कपचे, एक आख्खी सिमेंटची गोणी, तशीच दगड झालेली. कोणाच्या तरी पाडलेल्या इमारतीवर मी घर बांधून राहतोय असं वाटलं. म्हणूनच ठरवलं की हे वरचं फूटभर काढून टाकायचं आणि चांगली लाल माती टाकायची. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. फूटभर थर म्हणजे 1,089 घनफूट. ब्रासचे 100 घनफूट, तेव्हा अकरा ब्रास. खर्च आहे, पण पाया एकदाच घालायचा असतो. मातीवाला घरपोच आणून देतो म्हणाला.

शंकेखोर : कुठून आणतो ते म्हणाला का? अकरा ब्रास माती आकाशातून पडत नाही. कुठल्या तरी टेकडीचा कुशीचा भाग खरवडला जातो, तेव्हा तुमचं अंगण लाल होतं. कायद्याने माती-मुरूम हे गौण खनिज आहे, त्यावर सरकारला रॉयल्टी भरावी लागते. गाडीबरोबर पावती आहे का एवढं विचारून बघा, मातीवाल्याचा चेहरा काय होतो ते मला सांगा. तुम्ही निसर्गाच्या जवळ यायला निघालात आणि पहिलं काम काय केलंत, तर दुसऱ्या गावचा निसर्ग ट्रकने मागवलात. हा झाला नीतीचा भाग, तो बाजूला ठेवू. व्यवहाराचा ऐका. खाली रोलर फिरवून घट्ट बसलेली भरणी आणि वर फूटभर भुसभुशीत माती. पाऊस वरच्या थरातून सुरसुर खाली जाणार आणि जिथे भरणी लागते तिथे अडणार. मुळं नेमकी तिथेच असणार. ऑगस्टपर्यंत हापूसचं कलम पिवळं पडेल, आणि तुम्ही म्हणाल खत कमी पडलं.

हौशी : या मुद्द्यावर मी माघार घेतो, पण तुम्हाला अपेक्षित असलेल्या दिशेने नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. प्रयोग परिवार उभा केला त्यांनी, ‘विपुलाच सृष्टी’ लिहिलं. दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकतं हे त्यांनी हिशेबासकट मांडलं. त्यांचं सगळ्यात धाडसाचं म्हणणं मला हे वाटतं की माती आणायची नसते, करायची असते. त्यांचा धागा पकडून वांद्र्याच्या डॉ. दोशींनी गच्चीवर उसाच्या चोथ्यात भाज्या पिकवल्या, मातीचा वापर नावापुरता. मंदिराच्या आणि स्टेशनच्या वाटेवर रसवंत्या आहेत, त्यांचा चोथा रोज कुठे तरी फेकला जातो. पाचोळा तर आपल्या गल्लीत सकाळी लोक जाळतात, डोळे चुरचुरतात. तो मी गोळा करीन. शेणखत तबेल्यातून. भरणी फोडायची ती फक्त जिथे झाड लावायचं तिथे, पहार घेऊन, तीन फूट खोल. बाकी ठिकाणी चोथा-पाचोळ्याचे थर. झाली तुमची अकरा ब्रास रद्द. पण आता माझा प्रश्न ऐका. तुम्ही प्रत्येक वेळी ‘आधी बघा, मोजा, थांबा’ म्हणता. आपल्या लेनमध्ये थांबलेले लोक काय करतात ते मी पाहिलंय. एक पावसाळा गवत वाढतं, दुसऱ्या पावसाळ्यात साप निघतो, तिसऱ्या वर्षी माणूस कंटाळून सगळीकडे काँक्रीट ओततो आणि वर गाडी लावतो. चुकलेल्या बागांनी या गावाची जमीन जेवढी मारली नसेल तेवढी न केलेल्या बागांनी मारली आहे.

शंकेखोर : हे खरं आहे. माझ्याकडे याला चटकन उत्तर नाही. चोथ्याचा विचारही पटला, फक्त तो निम्म्याहून खाली बसतो हे धरून चाला आणि मेअखेरची तारीख खोडा; असा थर एका मोसमात माती होत नाही. शिवाय त्यात राहायला येणारी मंडळी येतात. आपल्याकडे पावसात तळहाताएवढी गोगलगाय भिंतीवर चढते ना, ती इथली नाही. मूळ आफ्रिकेची, मॉरिशसहून 1847 च्या सुमारास कोलकात्यात आणल्याची नोंद आहे, आणि तेव्हापासून ती चालत चालत सगळीकडे पोचली. ओला पाचोळा म्हणजे तिचं माहेर. रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, दुसरा इलाज मला माहीत नाही. पाचोळ्याचा ढीग घराच्या भिंतीला टेकवून केलात तर घोणसही येईल, तेव्हा तो लांब, कुंपणाकडे. हे सगळं होण्यासारखं आहे. माझी खरी शंका निराळी आहे. स्वतःच्या हाताने केलेली चूक माणूस दहा वर्षं जपतो. कंत्राटदाराची चूक तो पहिल्याच वर्षी उखडून टाकतो, वर त्याला शिव्या देतो. तुम्ही पाठ मोडून जी हिरवळ लावाल ती मेली तरी तुम्ही तिला मेली म्हणणार नाही.

हौशी : हिरवळीवर तुमचा राग आहे हे मला मघापासून कळतंय. विलायती शौक, साहेबाचं गवत, वगैरे. पण दुर्वा काय आहे? लॉनसाठी नर्सरीत ‘बर्म्युडा’ म्हणून जे विकतात ते दुर्वेच्याच कुळातलं, त्याच जातीचं आणि तिच्या संकरांतून काढलेलं. आपण एकवीस दुर्वांची जुडी देवळाबाहेर विकत घेऊन महागणपतीला वाहतो, आणि तीच वनस्पती अंगणात पसरली तर ती परकी? शेतकरी तिला हरळी म्हणून शिव्या घालतो, कारण ती मरत नाही. जी मरत नाही तीच मला हवी आहे. नातवंडं तिच्यावर लोळतील. रोज सकाळी ताजी जुडी घरच्या अंगणातून जाईल. याहून देशी हिरवळ कोणती?

शंकेखोर : दुर्वेवर राग नाही, तिच्या गालिच्यावर आहे. बांधावर, फटीत, उन्हात दुर्वा कोणाची पर्वा करत नाही. गालिचा म्हणून ठेवायची तर वर्षभर कापा, वर्षभर पाणी द्या. एप्रिल-मेच्या उन्हात हिरव्या गवताला दिवसाला साधारण 5 मिलिमीटर पाणी लागतं. गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर; तेव्हा रोज 500 लिटर. सगळा गुंठा गवताखाली नसेल तर अडीचशे धरा. शहरात माणशी 135 लिटर पाणी द्यावं असं नियोजनाचं प्रमाण आहे. म्हणजे अर्धा गुंठा हिरवळ ही तुमच्या घरात आणखी दोन माणसं आली असं समजा, तीही नेमकी पाणीकपातीच्या दिवसांत. दुसरं टोक पावसाळ्याचं. चार महिने ऊन मिळत नाही, जमीन दलदल. दुर्वेला ऊन हवं, लव्हाळ्याला ओल पुरते. लव्हाळा उपटला की वरचं पातं हातात येतं, खालची गाठ जमिनीत राहते आणि आठवड्यात पुन्हा फुटते. तुम्ही गुडघ्यावर बसून लव्हाळा उपटताय आणि नातवंडं मोबाइल बघताहेत, हे चित्र मला नकाशात आधीच दिसतंय.

हौशी : ठीक. हिरवळ लहान करतो. घराच्या दारापुढे चार खाटा मावतील एवढा तुकडा, बाकीच्या ठिकाणी झाडं. सावली आली की गवताचा प्रश्नच मिटला. आता यात तरी खोट काढू नका. हापूस, फणस, चिकू, दोन नारळ.

शंकेखोर : खोट नाही, मोजमाप काढते. हापूसच्या कलमांची पारंपरिक लागवड 10 मीटर बाय 10 मीटरवर करतात. तुमचा अख्खा गुंठा एका आंब्याचा आहे. नारळाला साडेसात मीटर सोडतात. फणसाचं तर विचारूच नका. तुम्ही एका आंब्याच्या जागेत पाच झाडांचं बिऱ्हाड मांडलंय. लावताना ती गुडघ्याएवढी असतात म्हणून कळत नाही. बाराव्या वर्षी नारळ शेजाऱ्यांच्या पत्र्यावर वाकलेला असतो आणि तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नसता. मग काढू म्हणाल, तर झाड आपल्या जमिनीत, आपण लावलेलं असलं तरी 1975 च्या कायद्याने महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. तुमचा शोषखड्डा कुठे आहे ते नकाशात काढलेलंच नाही. बंगल्यांना इथे सेप्टिक टँक आहे. ओलाव्याच्या वासाने मुळं तिकडेच जातात. फणस मला वाटतं तुम्ही नेमका त्याच्या डोक्यावर काढलाय.

हौशी : तुम्ही बाराव्या वर्षाचं बोलताय. बाराव्या वर्षी इथे हे घर तरी असेल का? स्टेशनच्या बाजूने टॉवर येताहेत ते बघताय ना? आमच्या लेनमध्ये दोन प्लॉट एकत्र करून इमारत झाली, तिसऱ्याशी बोलणी चालू आहेत. माझी मुलं हे घर ठेवतील याची मला खात्री नाही. मग दहा मीटरचं अंतर कोणासाठी सोडायचं? उलट दाटच लावतो. केळी, पपई, शेवगा. वर्ष-दीड वर्षात फळ देणारं, मेलं तर दुःख नाही. समोरच्या इमारतीतून आमच्या अंगणात दिसतं, तिकडे आडोशाला कोनोकार्पसची रांग; झटपट वाढतो, वर्षभर हिरवा. ज्या गावाला स्वतःच दहा वर्षांचा भरवसा नाही तिथे शंभर वर्षांचं झाड लावणं ही मला आता फुशारकी वाटायला लागली आहे.

शंकेखोर : कोनोकार्पस नको. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, परागकणांचा त्रास आणि जमिनीखालच्या नळांत शिरणारी मुळं ही कारणं सांगून. आडोसा हवा तर अडुळसा लावा. फांदी खोचली की जगतो, गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत, आणि पावसाळ्यात घरात खोकला असतोच. केळीचं पटलं, न्हाणीचं पाणी केळी, कर्दळ आणि अळूकडे सोडा, जुनीच रीत आहे. पण तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी अडले. मी आतापर्यंत थांबा म्हणत होते आणि तुम्ही लावू म्हणत होतात. आता तुम्ही म्हणता की टिकणारच नाही तर मोठं लावू नये, आणि मला म्हणावंसं वाटतं की एक तरी मोठं लावाच. पाच नाही, एक. टॉवर यायचा तेव्हा येईल. निदान परवानगीच्या अर्जावर त्या झाडाचं नाव लिहावं लागेल, कोणी तरी येऊन त्याचा घेर मोजेल. केळीचा घेर कोणी मोजत नाही.

हौशी : मग आपण जवळ आलो. आणि हे गावही अशा माणसांचंच आहे, वहिनी. कण्व मुनींचा आश्रम इथे होता, शकुंतलेने इथल्या गणपतीची आराधना केली अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. कालिदासाच्या नाटकात पहिल्याच अंकात शकुंतला दिसते ती काय करताना? आश्रमातल्या झाडांना पाणी घालताना. राजा आडोशाने बघतो आणि त्याला वाईट वाटतं की एवढ्या नाजूक मुलीला हे काम लावलंय. तिला त्यात काही वाईट वाटत नाही. झाडं तिची भावंडं आहेत. मला यातूनच बळ येतं. आपल्या हाताने पाणी घातलेलं झाड आणि माळ्याने घातलेलं झाड यांत फरक असतो.

शंकेखोर : फरक असतो. पण त्या अंकात शकुंतला एकटी नाही. अनसूया आणि प्रियंवदा दोघी बरोबर आहेत. तुमच्याकडे कोण आहे? सोमवार ते शुक्रवार तुम्ही सकाळच्या लोकलने जाता, दीड तास तिकडे, दीड तास इकडे. अंधार पडल्यावर घरी. नकाशा शनिवारचा आहे, झाडाला मंगळवारीही तहान लागते. मंगळवारी पाणी कोण घालतं ते मला आपल्या लेनमधल्या प्रत्येक घरात दिसतं. बायको घालते. बाग नवऱ्याची, नकाशा नवऱ्याचा, फोटो नवऱ्याने गटावर टाकलेला, आणि नळी बायकोच्या हातात. कुंडीखालच्या बशीत पाणी साठून डेंग्यूचे डास झाले की पालिकेची माणसं येऊन बोलतात तेही तिलाच. दुष्यंताला वाईट वाटलं ते मला त्याचं एकमेव शहाणपण वाटतं. तुम्ही ‘स्वतः करणार’ म्हणता तेव्हा त्यात कोण कोण येतं, एवढं घरी विचारलंत का?

हौशी : नाही विचारलं. आणि विचारलं तर काय उत्तर येईल याचा अंदाज आहे. बरं, मग असं धरू की आठवड्याला चार तास, माझे एकट्याचे, एवढंच मनुष्यबळ. त्यात जे जगेल तेच लावायचं. हिशेब केला तर एक झाड, थोडी केळी, दाराशी मसाल्याची रोपं आणि अडुळशाचं कुंपण यापलीकडे काही बसत नाही. उरलेल्या अर्ध्या गुंठ्याचं काय? तुम्ही म्हणाल मोकळा सोडा.

शंकेखोर : हो, एक पावसाळा मोकळा सोडा. बघा काय येतं. जूनच्या सरी झाल्या की टाकळा येईल. तो तुम्ही तण म्हणून उपटाल, आणि मग स्टेशनबाहेर बसलेल्या आदिवासी बाईकडून त्याचीच जुडी घ्याल. कुर्डू येईल, तीही भाजीच. ओलसर कोपऱ्यात माका, कुंपणाशी आघाडा. गणपतीच्या पत्रींपैकी ही दोन तर न लावता मिळाली, दुर्वा तिसरी. पाणी कुठे साचतं, कुठून वाहतं, कुठे ऊन आहे, हे झाडंच दाखवतील. माका आला तिथे ओल आहे हे सांगायला नळी लागत नाही. माझं म्हणणं एवढंच की हा नकाशा तुमच्यापेक्षा जमीन चांगला काढते.

हौशी : आणि जमीन गाजरगवतही काढते, ते का सांगत नाही? अंगावर पुरळ, शिंका, आणि एक झाड हजारो बिया टाकतं. घाणेरी येते. सुबाभूळ येते, आणि ती एकदा आली की पुढची दहा वर्षं तिचीच. ही सगळी बाहेरून आलेली मंडळी आहेत आणि मोकळ्या जागेवर पहिला हक्क त्यांचाच असतो, तुमच्या टाकळ्याचा नव्हे. आजीच्या काळात मोकळं सोडलेलं परस वेगळं होतं, कारण आजूबाजूला रान होतं. बी रानातून यायचं. आता बी डेब्रिजच्या ढिगातून येतं. आणखी एक. या भागात जागा मोकळी दिसली की रात्री टेम्पो येतो आणि कोणाच्या तरी बाथरूमच्या फुटक्या टाइल्स तुमच्याकडे ओतून जातो. माझ्या जमिनीखाली जे सापडलं ते असंच आलं असणार. मोकळं सोडणं हा निर्णय नाही वहिनी, तो निर्णय दुसऱ्याच्या हाती देणं आहे.

शंकेखोर : मग मोकळं सोडा म्हणत नाही, निवडत राहा म्हणते. गाजरगवत फुलायच्या आधी काढा, टाकळा ठेवा, माका ठेवा, सुबाभूळ वीतभर असताना उपटा. आठवड्याच्या चार तासांत एवढं होतं. पण हेही कबूल करते की यातून तुमचा चौकटीच्या कागदावरचा नकाशा कधीच तयार होणार नाही, आणि लेनमधले लोक म्हणतील की यांनी अंगण तसंच टाकलंय. तुम्हाला ते सोसेल की नाही, मला सांगता येत नाही.

हौशी : मलाही नाही. सुंदर दिसावं म्हणूनच तर घेतलं होतं. आणि एक गोष्ट तुम्हाला सांगितलेली नाही. पेव्हर ब्लॉकची गाडी शनिवारी येते आहे. आगाऊ रक्कम देऊन बसलोय. गवंडी म्हणतो, खाली चार इंच काँक्रीट ओतू, मग ब्लॉक हलणार नाहीत, गवत येणार नाही, पुढे बघायला नको. 25 मेला रोहिणी लागतात, त्याच्या आत उरकतो म्हणाला.

शंकेखोर : गाडी येऊ द्या. दारापासून अडुळशाच्या कुंपणापर्यंत, एक माणूस चालेल एवढीच पट्टी घाला. उरलेले ब्लॉक भिंतीपासून लांब रचून ठेवा. पण काँक्रीट ओतू देऊ नका, गवंडी कितीही म्हणाला तरी. खाली खडी, तिच्यावर दोन इंच वाळू, वर ब्लॉक. थोडे खचतील, फटीतून दुर्वा येईल. वाळूवर बसवलेला ब्लॉक पहारीने एकट्या माणसाला उचलता येतो. काँक्रीटवर बसवलेला ब्रेकर लावून फोडावा लागतो.